१८१२ चं रशियन मेडल खरं की खोटं

नौपाड्यात आमच्या ओळखीचे एक काका आहेत, नाणी-मेडलं जमवतात, त्यांनी परवा ऑनलाइन मागवलेलं १८१२ चं रशियन मेडल दाखवलं आणि म्हणाले बघ रे, नेपोलियनच्या वेळचं आहे. मला आधी कड बघायची होती. हे मेडल ठशाने छापलेलं असतं, ओतलेलं नाही, त्यामुळे कडेला जोडाची रेघ दिसली किंवा भिंगातून बारीक छिद्रं दिसली की समजायचं कॉपी आहे, काकांच्यात दोन्ही होतं :(

खऱ्याच्या एका बाजूला किरणांमध्ये डोळा आणि खाली १८१२, दुसरीकडे बायबलमधली ओळ, 'आम्हाला नको, तुझ्या नावाला' अशा अर्थाची. त्यात 'आम्हाला' या अर्थाच्या रशियन 'नाम' (НАМЪ) शब्दाच्या शेवटी जुन्या स्पेलिंगचं एक जास्तीचं मुकं अक्षर लागतं, १९१८ च्या सुधारणेत ते शेवटून गेलं, सो ते नसेल तर पुढे बघायचीच गरज नाही.

लढणाऱ्यांना चांदीचं मिळालं, ब्राँझचं नंतर सरदार-व्यापाऱ्यांसाठी निघालं, म्हणजे ब्राँझ दिसलं म्हणून लगेच फेक म्हणू नका. चांदीच्याची रिबन निळी, पण नवी रिबन कोणीही लावू शकतो यार, त्यावरून काही ठरत नाही.

आणि पॅरिस जिंकल्याचं दुसरं रशियन मेडल १८१४ मध्ये ठरलं पण वाटलं १८२६ मध्ये, झार निकोलस पहिल्याच्या काळात! तेव्हा कोणी '१८१५ ला पणजोबांना मिळालं' अशी स्टोरी सांगून विकत असेल तर सरळ नमस्कार करा. काका आता रिफंडसाठी भांडतायत.