आईला आलेले वसुलीचे फोन आणि सिबिलमधले ५९० रुपये

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी सव्वासातला आईचा फोन वाजला, ती भाकरी थापत होती, तशाच पिठाच्या हातानं तिनं उचलला तर समोरचा माणूस नाव पण न सांगता सुरूच झाला की तुमच्या मुलानं गाडीचं लोन बुडवलंय, आज पैसे भरा नाहीतर पोलीस घेऊन दारात येतो. आईनं दिवसभर कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा फोनच्या काचेवर ते पीठ तसंच वाळलेलं होतं आणि तिनं फोन बंद करून कपाटात ठेवला होता.

आता खरी गोष्ट अशी की माझ्या भावानं बाईकचं लोन २०२२ मध्येच फेडलं होतं. तो कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, पगार झाला की पहिला हप्ता. एनओसी, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, आली होती, आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा पण उतरवला होता. मग थकलं काय? तर २०२१ मध्ये एक हप्ता बाऊन्स झाला होता, त्याचा चार्ज ५०० आणि वर जीएसटी, झाले ५९०. तो चार्ज त्यांच्या सिस्टीममध्ये तसाच उघडा राहिला आणि त्यावर आणखी चार्ज लागत लागत फोनवरचा माणूस साडेचार हजार मागत होता. एनओसी देताना एका शब्दानं कुणी बोललं नाही.

भावाचं म्हणणं होतं की देऊन टाकू आणि मोकळे होऊ. मी म्हटलं थांब, आधी सिबिल, म्हणजे कर्जाच्या नोंदींचा रिपोर्ट, काढू.

रिपोर्ट फुकट मिळतो हे खूप जणांना माहितीच नसतं. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या या नोंदी ठेवतात आणि प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नुसता स्कोअर बघून काही कळत नाही, खाली प्रत्येक लोनचे महिन्यामहिन्याचे चौकोन असतात ते बघायचे. हप्ता वेळेवर गेला की चौकोनात ०००, नाहीतर किती दिवस उशीर झाला तो आकडा. भावाच्या रिपोर्टमध्ये आधी शून्यांची रांगच्या रांग आणि मग ३०, ६०, ९० असं वाढत गेलेलं, तेही लोन फेडल्यानंतरच्या महिन्यांत! खातं अजून चालू दाखवत होते आणि थकबाकी ५९०. ते बघून माझे हातपाय गार पडले, कारण पुढच्या वर्षी त्याला घरासाठी लोन काढायचं होतं.

३ जूनला आम्ही दोन्हीकडं तक्रार टाकली, सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट आणि फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, सोबत एनओसी आणि शेवटच्या हप्त्याचं स्टेटमेंट. फोनवर एक शब्द बोललो नाही, जे काय ते लेखी. कारण त्याच वर्षी २६ एप्रिलपासून नवीन नियम लागू झाला होता, तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. लोन देणाऱ्यानं २१ दिवसांत दुरुस्ती पाठवली नाही तर पैसे त्यानं द्यायचे, त्यानं वेळेत पाठवूनही सिबिलवाल्यांनी उशीर केला तर त्यांनी. म्हणून तक्रारीची तारीख आणि नंबर जपून ठेवणं फार महत्त्वाचं. (स्कोअरच कमी का धरला, अशा तक्रारीला मात्र ही भरपाई लागू नाही.) आमचं दुरुस्त झालं २४ जुलैला, म्हणजे २१ दिवस उशीर, २१०० रुपये. आपणहून काही आले नाहीत, मी परत मेल करून नियम दाखवला तेव्हा आले.

आणि त्या फोनांचं. ऑगस्ट २०२२ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक अगदी स्पष्ट आहे: वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, धमकी नाही, निनावी फोन नाही, चारचौघांत अपमान नाही, घरच्यांना किंवा रेफरन्स म्हणून नंबर दिलेल्यांना त्रास देणं नाही. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी लोन देणाऱ्याचीच. हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, तो गुन्हा नाही. चेक किंवा मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) बाऊन्स झाला तर ते प्रकरण वेगळं, ते कोर्टात जाऊ शकतं, कोर्टाचं समन्स आलं तर दुर्लक्ष अजिबात करू नका. पण एजंट आईला सव्वासातला फोन करून पोलीस आणतो म्हणतो तेव्हा नियम तोच मोडत असतो. मी आईच्या फोनवरच्या कॉलचे वेळेसकट स्क्रीनशॉट मेलला जोडले आणि फोन त्याच आठवड्यात थांबले. नसते थांबले तर ३० दिवस वाट बघून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं गेलो असतो, ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र हा लोकपाल चालत नाही, तिथं सहकार खात्याच्या निबंधकाकडं जावं लागतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण शेजारच्या वहिनी. त्यांचं बायकांच्या गटातून घेतलेलं मायक्रोफायनान्सचं लोन आहे, हप्ता चुकला तर कंपनीचा वसुलीचा साहेब रात्री साडेआठला दारात येऊन बसतो आणि गटातल्या बाकीच्या बायकांना पण घेऊन येतो. या लोनला नियम आणखी कडक आहे, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, आणि वसुली ठरलेल्या जागीच, तिथं लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा कर्जदार आला नाही तरच घरी यायचं. वहिनींना हे वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मग इतके दिवस आम्ही त्याला चहा का करत होतो गं?" काल बसून त्यांचा अर्ज लिहिला, तो साहेब कुठल्या तारखेला किती वाजता आला ते त्यांच्या मुलीनं शाळेच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं, अकरा नोंदी निघाल्या. उद्या पोच घेऊन शाखेत द्यायचाय, मी सोबत जाणार आहे.