काचेच्या एका जोडीवर ऐंशी लॅम्बडा

खाडीपलीकडे जाणाऱ्या आमच्या एका रूटवर गेल्या वर्षी फायबरची एकच जोडी मोकळी उरली होती. केबल ४८ फायबरची, म्हणजे मोजायला २४ जोड्या, पण त्यातल्या काही भाड्याने दिलेल्या, काहींच्या जुन्या जॉइंटमध्ये पाणी जाऊन लॉस, म्हणजे वाटेत गळणारा प्रकाश, वाढलेला, आणि बाकीच्या बहुतेक जोड्यांवर जुन्या १० जीच्या, म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट डेटा नेणाऱ्या, लिंका बसलेल्या, एका जोडीवर एक लिंक. त्यात एका कस्टमरला नवी मुंबईतल्या डेटा सेंटरपर्यंत १०० जी पाहिजे होतं आणि त्याच्या मागे आणखी दोन जण रांगेत. मे महिना चालू होता. मुंबईत ज्याने कधी केबल टाकलीय त्याला मे महिना म्हणजे काय हे सांगायला नको, पावसाळा आला की रस्ता खोदायची परवानगी बंद, आणि परवानगी असली तरी रस्ता पूर्ववत करून द्यायचे पैसे एवढे की त्यापुढे केबलची किंमत काहीच नाही. शहरात फायबर स्वस्त असतं, खड्डा महाग असतो.

म्हणून ठरलं की नवी केबल नाही टाकायची, आहे त्याच शेवटच्या जोडीवर डीडब्ल्यूडीएम, म्हणजे एकाच फायबरमधून एकदम अनेक लिंका नेण्याची पद्धत, चढवायचं. ह्या कामात मी पंधरा वर्षं आहे तरी अजूनही हे कुणाला सांगायला बसलो की मला स्वतःलाच नव्याने भारी वाटतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

लहानपणी घरी रेडिओ होता, काटा ५५८ किलोहर्ट्झवर आणला की अस्मिता वाहिनी लागायची, थोडा पुढे सरकवला की दुसरं स्टेशन. सगळी स्टेशनं एकाच वेळी त्याच खोलीत येत होती पण एकमेकांत मिसळत नव्हती कारण प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी. डीडब्ल्यूडीएम म्हणजे अगदी तेच, फक्त मोकळ्या आकाशाच्या जागी केसाएवढी काच आणि किलोहर्ट्झच्या जागी टेराहर्ट्झ. प्रत्येक लिंकला स्वतःची फ्रिक्वेन्सी द्यायची, सगळ्या एकाच फायबरमध्ये सोडायच्या आणि पलीकडे पुन्हा वेगळ्या काढायच्या. कामावर आम्ही फ्रिक्वेन्सी वगैरे म्हणत नाही, लॅम्बडा म्हणतो. "त्या कस्टमरला लॅम्बडा दिला का?" असं.

ह्या स्टेशनांची यादी सगळ्या जगाला एकच आहे, आयटीयू ह्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेने ठरवलेली, जी.६९४.१ नावाचं स्टँडर्ड. त्यात १९३.१ टेराहर्ट्झ हा खुंटा आहे, तिथून दोन्ही बाजूंना १०० किंवा ५० गिगाहर्ट्झची पावलं टाकत जायचं. वेव्हलेंग्थमध्ये सांगायचं तर १०० गिगाहर्ट्झचं पाऊल म्हणजे जेमतेम ०.८ नॅनोमीटर, ५० चं म्हणजे त्याच्या निम्मं. १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात, ज्याला सी बँड म्हणतात, ५० गिगाहर्ट्झच्या पावलांनी ८० लॅम्बडा आरामात बसतात, काही सिस्टीममध्ये ९६. प्रत्येकावर १०० जी धरा, ८० चे झाले ८००० गिगाबिट सेकंदाला, काचेच्या एका जोडीवर, एक फायबर जायला आणि एक यायला.

समजावून सांगताना सगळे "वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश" म्हणतात, मीपण म्हणतो, पण हा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, इन्फ्रारेड आहे. नवीन मुलं कामावर आली की मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, पॅच कॉर्डच्या, म्हणजे यंत्रं जोडायच्या फायबरच्या छोट्या वायरीच्या, तोंडात बघू नका, काही दिसत नाही म्हणजे काही नाही असं नाही, अँप्लिफायरच्या मागचा प्रकाश डोळा कायमचा खराब करू शकतो. ही गोष्ट कितीही वेळा सांगावी लागली तरी मी सांगेन.

०.८ नॅनोमीटरवर शेजारी बसलाय म्हटल्यावर लेझरला जागच्या जागी राहणं भाग असतं. आणि लेझर तापला की सरकतो, आमच्याकडच्या साध्या, डीएफबी जातीच्या लेझरची वेव्हलेंग्थ एका डिग्रीला साधारण ०.१ नॅनोमीटर हलते. म्हणजे चिप आठ डिग्री तापली की तो थेट शेजारच्याच्या घरात! म्हणून लेझर ज्यात बसवलेला असतो त्या बोटाएवढ्या मॉड्यूलच्या पोटात एक चिमुकला कूलर असतो जो लेझरचं तापमान एका जागी धरून ठेवतो. बाहेर मे महिना, यंत्रांच्या खोलीचा एसी कुरकुरतोय, आणि आत ती कणभर चिप आपल्या ठरलेल्या तापमानावर बसून आहे, हे चित्र डोळ्यासमोर आणा.

सगळे लॅम्बडा एकत्र करणाऱ्या डब्याला मक्स आणि पलीकडे वेगळे करणाऱ्याला डीमक्स म्हणतात. आत एका चिपवर काचेच्या बारीक वाटा शेजारी शेजारी काढलेल्या असतात, प्रत्येक वाट आधीच्यापेक्षा ठरावीक मापाने किंचित लांब. प्रकाश त्या सगळ्या वाटांवरून विभागून जातो आणि पलीकडे पुन्हा भेटतो तेव्हा प्रत्येक लॅम्बडाच्या लाटा वेगळ्याच ठिकाणी एकमेकींशी जुळतात, बरोबर त्या ठिकाणी त्याचा पोर्ट. बहुतेक अशा डब्यांना विजेची वायरसुद्धा नसते. फक्त ह्या सोयीची किंमत म्हणून एका डब्यात साधारण ५ डीबी जातात, डीबी म्हणजे डेसिबल, प्रकाश किती घटला ते मोजायचं माप.

डीबीचा हिशोब आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ, ३ गेले की प्रकाश निम्मा, १० गेले की दहावा हिस्सा, २० गेले की शंभरावा. आमचा रूट ओटीडीआरवर, म्हणजे फायबरची लांबी आणि लॉस मोजायच्या यंत्रावर, ३८ किलोमीटर भरतो. चांगल्या काचेत १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डीबी जातात, पण शहरातल्या केबलला जागोजागी जॉइंट, ओडीएफ म्हणजे फायबर जोडायच्या फ्रेमा, वळणं, म्हणून आम्ही ०.२५ धरतो. ३८ किलोमीटरचे साडेनऊ, वर मक्स-डीमक्सचे दहा, झाले वीसच्या आसपास.

ह्या वीस आकड्याशी माझं एक नातं आहे. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम ह्यांनी पेपर लिहिला तेव्हा जगातल्या काचेत किलोमीटरमागे १००० डीबीच्या घरात लॉस होता, आणि त्यांनी म्हटलं की हा लॉस काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे, तो २० पर्यंत आणला तर टेलिफोनसाठी काच चालेल. एका किलोमीटरला २० फक्त, तेवढंच मागणं होतं त्यांचं. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीतल्या मॉरर, केक आणि शुल्झ ह्यांनी ते करून दाखवलं, काओंना २००९ साली नोबेल मिळालं. आणि आज माझा अख्खा रूट, अंधेरीच्या बाजूपासून खाडी ओलांडून पलीकडे, दोन डबे धरून, त्याच वीसमध्ये बसतो. लॉसच्या हिशोबाच्या शीटमध्ये तो आकडा दिसला की मी दर वेळी क्षणभर थांबतो.

तरी शंभरावा हिस्सा उरला म्हणजे पुढे मार्जिन काही राहत नाही, उद्या रूटवर कट झाला की दोन जॉइंट वाढतात, परवा आणखी दोन. म्हणून अँप्लिफायर. पूर्वी प्रकाश वाढवायचा म्हणजे आधी त्याची वीज करा, ती वीज मोठी करा, त्यातून नवीन लेझर पेटवा, आणि हे प्रत्येक लॅम्बडासाठी वेगळं. तसंच चालू राहिलं असतं तर ८० लॅम्बडांना ८० पेट्या लागल्या असत्या आणि डीडब्ल्यूडीएम परवडलंच नसतं. १९८७ च्या सुमारास साउदॅम्प्टनला डेव्हिड पेन ह्यांच्या गटाने आणि बेल लॅब्समध्ये एमॅन्युएल देसुर्व्हिर ह्यांनी एर्बियमवाला अँप्लिफायर दाखवला, ईडीएफए. काही मीटर फायबर, त्याच्या काचेत एर्बियम नावाच्या धातूचे अणू कालवलेले, त्यात ९८० नॅनोमीटरचा पंप लेझर सोडायचा की ते अणू ऊर्जा भरून तयार बसतात, आणि आपला दमलेला सिग्नल आत आला की त्याच्या धक्क्याने ती ऊर्जा सोडतात, त्याच वेव्हलेंग्थची, त्याच दिशेची. ३० डीबी म्हणजे हजारपट प्रकाश वाढतो, वीज मध्ये येतच नाही, आणि सगळे लॅम्बडा एकदम वाढतात, आत १० जी चाललंय की १०० जी ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एर्बियम जिथे काम करतं तो पट्टा आणि काचेत सगळ्यात कमी लॉस होतो तो पट्टा एकच निघाला. कुणी ठरवून केलेलं नाही हे, निसर्गाने आपल्या पदरात टाकलेलं दान आहे, आजचं इंटरनेट त्याच्यावर उभं आहे असं मला मनापासून वाटतं.

तर ती रात्र. चेंज विंडो, म्हणजे चालू नेटवर्कवर काम करायची ठरलेली वेळ, एक ते पाच. मी खाडीच्या ह्या बाजूला, आमचे जॉइंटर काका पलीकडे. काका ह्या लायनीत माझ्याआधीपासून, रात्रीच्या पावसात रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उतरून स्प्लायसिंग, म्हणजे फायबरची तुटकी टोकं जोडायचं काम, केलेला माणूस. तीन लॅम्बडा चढवायचे होते, चॅनेल ३२, ३३ आणि ३४. पहिले दोन हिशोबाप्रमाणे आले. तिसरा, १५५०.१२ नॅनोमीटरचा, पलीकडे ६ डीबीने कमी. मी परत शीट काढली, मॉड्यूल बदललं, अँप्लिफायर प्रकाश किती वाढवतोय ते बघितलं, अडीच वाजले, घाम फुटला. शेवटी काकांचा फोन, "साहेब, मघापासून बघतोय, बाकीचे दोन बरोबर आहेत ना? मग लाईन बरोबर आहे. मक्सच्या अलीकडे बघा. काच पुसली का तुम्ही?"

खरं होतं त्यांचं. लाईनवर किंवा अँप्लिफायरवर घाण असती तर तिघंही पडले असते, एकटा पडलाय म्हणजे दुखणं तिघं एकत्र व्हायच्या आधीचं. मॉड्यूल बदलताना मी तीच पॅच कॉर्ड परत लावली होती. ती काढून मायक्रोस्कोपखाली धरली तर कनेक्टरच्या बरोबर मधोमध एक ठिपका. प्रकाश जिथून जातो तो गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीचा आठवा-दहावा भाग, त्यावर धुळीचा एक कण बसला तरी पुरतो. क्लीनरचे दोन क्लिक, परत लावलं आणि सगळे ६ डीबी परत आले. तेव्हापासून मी नवीन कॉर्ड पिशवीतून काढली तरी आधी पुसतो.

डिस्पर्जनचं थोडक्यात सांगतो, कारण आता त्याचा त्रास राहिला नाही. काचेत वेगवेगळ्या वेव्हलेंग्थ किंचित वेगवेगळ्या वेगाने जातात, म्हणून पल्स लांबवर गेली की पसरते आणि शेजारच्या बिटवर चढते. १० जीच्या काळात त्यासाठी उलट पसरवणाऱ्या फायबरची रिळं रॅकमध्ये ठेवायचो, एकेकात कित्येक किलोमीटर काच. मग कोहेरंट नावाचे नवे मॉड्यूल आले आणि तेच काम आतल्या चिपने गणितानेच करून टाकलं, आमच्या रॅकमधली रिळं आम्ही काढून ठेवली. आता तर ४०० जीचं मॉड्यूल सरळ राउटरमध्ये लागतं, ४०० झेडआर म्हणतात, मेट्रोच्या अंतराला पुरतं.

ते तीन लॅम्बडा चालू झाल्यावर दिवाळीपर्यंत आम्ही जुन्या १० जीच्या लिंका एकेक करून त्याच जोडीवर आणल्या, आणि जिथे एक जोडी उरली होती तिथे सहा मोकळ्या झाल्या. एक इंच रस्ता न खोदता. ह्याचा आनंद मी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही, घरी सांगितला तर आई म्हणाली चांगलं झालं, रस्ते तरी वाचले.

पण त्याच्याबरोबर एक काळजी आली. आधी केबलमधला एखादा फायबर गेला तर एक कस्टमर जायचा, आता एकाच जोडीवर सगळे बसलेत. त्यासाठी रिंग असते, सिग्नल दोन वाटांनी, एक वाट तुटली की ५० मिलीसेकंदांत दुसऱ्या वाटेवर. मुंबईतून पलीकडे जायला खाडी ओलांडावीच लागते आणि पूल मोजकेच, म्हणून आमच्या रिंगचे दोन हात दोन वेगळ्या पुलांवरून नेलेत. नकाशावर ते फार छान दिसतं, गोल, मोकळं. पण काका म्हणाले नकाशा ठेवा, चालून बघू. जानेवारीत एका रविवारी सकाळी आम्ही दोघं पूर्ण रूट चेंबर टू चेंबर चाललो, झाकणं उघडत, टॅग वाचत. एका नाक्याजवळ काका खाली उतरले, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग बॅटरी वर दाखवत म्हणाले, "साहेब, दोन्ही इथेच आहेत." पुढचे दीडशे मीटर रिंगचे दोन्ही हात एकाच चरातून, हाताहाताला लागून जातात, आणि त्या नाक्यावर पाण्याच्या लायनीचं काम निघायचंय, जेसीबी येऊन उभा आहे.

तेवढ्या दीडशे मीटरसाठी रस्त्याच्या पलीकडून केबलसाठी वेगळा डक्ट, म्हणजे पाइप, टाकायचा अर्ज दिलाय. तोपर्यंत काका दर सकाळी कामावर येताना त्या नाक्यावर उतरतात, जेसीबीवाल्याला चहा देतात आणि केबल नेमकी कुठे आहे ते चुन्याने परत आखून येतात.