सुलोचनादीदींची चारू

३० जुलै हा मराठी-हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री सुलोचनादीदींचा जन्मदिवस. त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा एक तरी चित्रपट पाहायचा, हा परिपाठ आमच्या घरात आजीने सुरू केला आणि तिच्यानंतर मी तो चालू ठेवला आहे. आजी मूळची निपाणीकडची. दीदींचे जन्मगाव खडकलाट हे तिकडे चिकोडी तालुक्यात, त्यामुळे 'आमच्या भागातली बाई' असे म्हणताना तिच्या आवाजात एक वेगळीच माया येत असे. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा आणि त्यात दीदी असल्या, की वाती वळायला घेतलेला कापूस आजीच्या हातात तसाच राहायचा. मध्येच कुणी बोलले तर ती नुसता हात वर करून गप्प बसवायची.

दीदींविषयी बोलताना आपण सगळे 'सोज्वळ' हा शब्द अगदी सहज वापरतो. तो खोटा नाही, पण माझे त्याने कधी समाधान होत नाही. सोज्वळपणा हा स्वभावाचा गुण झाला, आणि सुमारे ५० मराठी व २५० हिंदी चित्रपट काही केवळ स्वभावाच्या बळावर उभे राहत नाहीत. त्या उत्तम अभिनेत्री होत्या, आपली कला त्यांना नेमकी ठाऊक होती आणि ती त्यांनी कष्टाने कमावली होती, हे आपण त्यांनी पडद्यावर साकारलेल्या मातृत्वाचे कौतुक करण्याच्या भरात विसरतो, असे मला फार मनापासून वाटते.

१९२८ साली खेड्यात जन्मलेली ही मुलगी १९४० च्या दशकात कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत आली आणि दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत घडली. 'सुलोचना' हे नावही भालजींनीच दिलेले, आणि ज्यांनी ते डोळे पडद्यावर पाहिले आहेत त्यांना त्या नावाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. भालजींना तेथे सारे 'बाबा' म्हणत, आणि दीदी शेवटपर्यंत त्यांचा उल्लेख गुरू म्हणूनच करत राहिल्या. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. त्या राखेतून बाबांनी पुन्हा उभारणी केली आणि १९४९ मध्ये 'मीठ भाकर' पडद्यावर आला. त्यातही दीदी होत्या. आपला स्टुडिओ जळताना आणि पुन्हा उभा राहताना पाहिलेल्या पिढीला कामाचे मोल कुणी शिकवावे लागले नसणार. पुढे १९५३ च्या 'वहिनींच्या बांगड्या'ने त्यांना घराघरांत नेऊन पोहोचवले, आणि १९६४ च्या 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये त्या जिजाबाई झाल्या. त्या भूमिकेत त्यांचा ताठ कणा आणि स्थिर नजर पाहिली, की 'सोज्वळ' हा शब्द किती अपुरा आहे हे लगेच कळते.

माझ्या आजीचा जीव मात्र 'मोलकरीण'वर होता. १९६३ चा हा चित्रपट. पोटच्या मुलाच्या घरी मोलकरीण म्हणून राबणारी आई, एवढे सांगितले तरी कथा डोळ्यांपुढे येते, आणि नेमका तेथेच धोका आहे. कारण अशा भूमिकेत रडायला जागोजागी वाव असतो आणि प्रेक्षकही रडायच्या तयारीनेच आलेला असतो. दीदी ती जागा घेत नाहीत. मुलासमोर उभ्या राहताना त्या नजर खाली वळवतात, आवाज एक पट्टी उतरवतात, आणि आई म्हणून तोंडाशी आलेला शब्द मोलकरणीच्या शब्दात बदलायला जो क्षणभर वेळ लागतो, तेवढाच फक्त दाखवतात. त्या क्षणभराच्या थांबण्यात सारी कथा असते. पी. सावळारामांचे शब्द, वसंत देसाईंचे संगीत आणि आशा भोसले यांचा आवाज घेऊन आलेले 'देव जरी मज कधी भेटला' हे गाणे आजही बायका गुणगुणतात, पण ते गाणे मनात उतरते ते त्याच्या आधी आणि नंतर दीदींनी जे मनात कोंडून ठेवले आहे त्यामुळे. आजी हा चित्रपट पाहताना कधी हुंदके देत नसे. संपल्यावर ती उठायची, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायची आणि बराच वेळ तिकडेच उभी राहायची.

आता वयाचे थोडे बोलायला हवे, कारण ते हिशेब मांडल्याशिवाय त्यांच्या कामाची अवघडता लक्षात येत नाही. १९६८ च्या 'एकटी'मध्ये काशिनाथ घाणेकर त्यांचे पुत्र होते, तेव्हा प्रत्यक्षात ते त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. १९५९ च्या 'दिल देके देखो'मध्ये त्या ज्यांची आई झाल्या ते शम्मी कपूर तीन वर्षांनी लहान. आणि १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये तर त्या देव आनंदच्या आई आहेत, जे त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे होते. केसांना पांढरा रंग लावून हे साधत नाही. मुलाकडे पाहताना आईच्या नजरेत एक प्रकारची विसावलेली काळजी असते, आणि ती आणता आली तरच समोरचा नट वयाने मोठा असूनही मूल दिसतो. तिशी ओलांडताच एका नायिकेला आईच्या भूमिकांकडे वळवण्यात चित्रपटसृष्टीने न्याय केला असे मी म्हणणार नाही. मला त्याचे आजही वाईट वाटते. पण दीदींनी आईला दुय्यम पात्र मानले नाही, आणि म्हणून बघणाऱ्यालाही ते मानता आले नाही.

ज्या चित्रपटाने त्या हिंदीत आई म्हणून रुजल्या तो बिमल रॉय यांचा 'सुजाता', १९५९ चाच, आणि माझ्या मते त्यांची सर्वांत अवघड भूमिका तीच. तेव्हा त्या ३०-३१ वर्षांच्या होत्या आणि मुलगी झालेली नूतन २२-२३ वर्षांची. गंमत अशी, की कथेतले घर बंगाली वळणाचे असले तरी त्यातील ही मायलेक दोघीही मराठी घरांतून आलेल्या. दीदींनी रंगवलेली यातली आई, चारू, ही वाईट बाई नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील अनाथ मुलीला तिने घरात वाढवले आहे, तिला जेवूखाऊ घातले आहे, तिच्यावर तिचा जीवही आहे. तरी ओळख करून देताना तिच्या तोंडून 'बेटी' असा एकटा शब्द येत नाही, 'बेटी जैसी' असेच येते. हा एक शब्द दीदींनी कसा उच्चारला आहे ते जरूर ऐकावे. त्यात तिरस्कार नाही, तुच्छता नाही, अगदी मायाच आहे, आणि म्हणूनच तो ऐकताना सुजाताचा चेहरा उतरतो तेव्हा आपल्याही पोटात कालवते. जात पाळणारी माणसे क्रूरच दिसतात असा ज्यांचा समज असेल, त्यांनी ही चारू पाहावी. आपल्याच आज्या-आत्या तिच्यात दिसू लागतात. ती भूमिका प्रेमळ करायची, पण निर्दोष करायची नाही, ही तारेवरची कसरत दीदींनी शेवटपर्यंत सांभाळली आहे. आणि मग चारू जखमी होते, तिला रक्ताची गरज पडते, ते सुजाताचेच जुळते, आणि हे कळल्यावर ती त्या मुलीला जवळ घेते. तेथे मात्र दीदी काहीही अडवून धरत नाहीत. आतापर्यंत रोखून धरलेले सारे त्या एका मिठीत मोकळे होते.

१९९९ मध्ये पद्मश्री आणि पुढे महाराष्ट्र भूषण, असे सन्मान त्यांना मिळाले, आणि ते मिळाले याचा आनंद आहे.

४ जून २०२३ रोजी मुंबईत दीदी गेल्या, तेव्हा त्या ९४ वर्षांच्या होत्या. बातमी ऐकली आणि त्याच संध्याकाळी मी 'सुजाता' लावला. ४ जून हा नूतनचा जन्मदिवस, हे मला चित्रपट सुरू असताना आठवले. आजीची जपमाळ ठेवलेली पितळी डबी शेजारच्या कपाटात असते. ती काढून मी मांडीवर घेतली आणि चारूने सुजाताला जवळ घेईपर्यंत तशीच धरून बसले.