स्पर्धक क्रमांक एक

रविवार, रात्र

वक्तृत्व स्पर्धेचं परीक्षण करून आले. निकाल लागला, मुलं घरी गेली, तरी स्पर्धक क्रमांक एक काही डोक्यातून जात नाही.

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला होता. पहिली चिठ्ठी निघाली तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीची. ती उभी राहिली तेव्हा मागे खुर्च्या सरकत होत्या आणि माइक तिच्या डोक्याच्या वर होता. टाचा उंचावून दोन वाक्यं बोलली, थांबली, माइक स्वतःच खाली ओढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आजोबांना ऐकू कमी येतं, म्हणून घरात हळूहळू त्यांच्याशी कुणी बोलेनासं झालं, एवढंच ती सांगत होती. हातवारे नाहीत, आवाजाचे चढउतार नाहीत. एका वाक्याला तर माझं लिहिणंच थांबलं. आणि तरीही मी तिला शंभरपैकी अडुसष्ट दिले.

पहिल्या भाषणाला हात आखडतोच. पुढे काय येणार ते ठाऊक नसतं, म्हणून मधलाच आकडा टाकायचा आणि वरची जागा राखून ठेवायची. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत वादनाचा क्रम चिठ्ठ्यांनीच ठरतो, तरी उशिरा वाजवणाऱ्यांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त, असं १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. हे मी वाचलेलं आहे, आणि तरीही आज तेच केलं. चौदाव्या स्पर्धकापर्यंत माझे आकडे ऐंशीच्या घरात पोहोचले होते.

त्या ऐंशीवाल्यांत बरीच भाषणं मोठ्यांनी लिहून दिलेली होती. ते लगेच कळतं, कारण मूल श्वास भलत्याच ठिकाणी घेतं. वाक्य त्याच्या छातीच्या मापाचं नसतं. त्या मुलांवर माझा राग नाही. पण स्वतःचं बोलणाऱ्या मुलीपेक्षा त्यांना जास्त गुण मी दिले, हे मनाला लागलंय.

बेरीज करताना चूक लक्षात आली. बाकीच्या दोघा परीक्षकांना सांगितलं, पण सही केलेली गुणपत्रिका बदलायची नाही असा नियम होता. नियम योग्यच आहे, नाहीतर कुणासाठीही आकडे हलतील. तिचं उत्तेजनार्थ बक्षीस दोन गुणांनी हुकलं. पुढच्या वेळी बोलावलं तर आधीच सांगणार: सुरुवातीला स्पर्धेबाहेरचं एक भाषण सगळ्या परीक्षकांनी मिळून तपासून गुणांचं माप ठरवायचं, आणि पहिल्या तिघांचे गुण शेवटी पुन्हा पाहूनच सही करायची.

निघताना ती दाराशी उभी होती. "मॅडम, मी माइक खाली केला, त्याचे गुण गेले का?"

"नाही गं. ते तर मला आवडलं. गुण द्यायला मीच कमी पडले."

ती काही बोलली नाही. मग मी तिला ते वाक्य सांगितलं, ज्याला माझं पेन थांबलं होतं: 'आजोबा हल्ली, काय म्हणालीस, असं विचारतसुद्धा नाहीत.'

तिचा चेहरा एकदम उजळला. "सरांनी ते काढायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी नाही काढलं."