तापवल्यावर उजळणारे द्रावण

प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश शोषून रेणूने पुन्हा सोडलेला प्रकाश, मोजायला शिकताना एक नियम लवकर पाठ होतो: द्रावण तापवले की प्रकाश मंदावतो. उत्तेजित रेणूचा प्रकाश सोडण्याचा वेग तापमानाबरोबर फारसा बदलत नाही, पण तीच ऊर्जा बंधांच्या फिरण्यात आणि द्रावकाशी होणाऱ्या टकरींत उष्णता होऊन विरण्याचा वेग वाढत जातो. ऱ्होडामाइन बी या रंगद्रव्याची पाण्यातील दीप्ती दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी घटते, ती याचमुळे.

पॉलिमरच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही, आणि म्हणूनच हा विषय मला मनापासून आवडतो. पी३एचटी हे पॉलिथायोफीन गटातले पॉलिमर अ‍ॅनिसोल या द्रावकात ९० अंश सेल्सियसच्या आसपास विरघळवले, की नितळ नारिंगी द्रावण मिळते आणि निळ्या प्रकाशात ते नारिंगीच झळकते. क्युव्हेट, म्हणजे द्रावणाची छोटी पारदर्शक कुपी, हळूहळू थंड होऊ दिली, की रंग आधी तपकिरीकडे झुकतो, मग गडद जांभळा होतो, आणि झळाळी जवळजवळ मावळते. हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा नमुना खराब झाला असेच मला वाटले होते. पण पुन्हा तापवताच नारिंगी रंग आणि त्याबरोबर प्रकाशही परतला.

गरम द्रावणात प्रत्येक साखळी वेटोळी आणि एकटी असते. थंडीत साखळ्या सरळ होऊन एकमेकींवर रचल्या जातात. शोषणाच्या आलेखात ४५० नॅनोमीटर तरंगलांबीजवळचा उंचवटा ओसरतो, ५५० आणि ६०० च्या आसपास नवे उभे राहतात, आणि अशा रचलेल्या साखळ्यांतून प्रकाश कमी, तोही अधिक तांबडा, बाहेर पडतो. म्हणजे तापवताना एकट्या साखळीचा प्रकाश घटत असतो आणि त्याच वेळी पुंजके सुटून एकट्या साखळ्यांची संख्या वाढत असते, आणि आपण मोजतो ती या दोहोंची गोळाबेरीज.

पॉलिफ्लुओरीन या दुसऱ्या पॉलिमरमध्ये तर साखळीचे सरळ झालेले थोडेसे भागसुद्धा इतरांची ऊर्जा ओढून घेतात आणि उत्सर्जनावर आपली छाप पाडतात.

म्हणून केवळ तीव्रतेच्या आलेखावरून प्रकाश विझवणाऱ्या प्रक्रियेची सक्रियण ऊर्जा (ती घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) काढणे मला चुकीचे वाटते. प्रत्येक तापमानाला शोषणही नोंदवावे, तापवताना आणि थंड करताना वेगवेगळे मोजावे, कारण पुंजके ज्या तापमानाला बनतात त्याहून वरच्या तापमानाला सुटतात. आणि सेंद्रिय द्रावक अंशामागे सुमारे ०.१ टक्का प्रसरण पावतो, हेही हिशेबात धरावे, कारण ७० अंशांच्या फरकाने संहती (ठरावीक आकारमानातले पॉलिमरचे प्रमाण) ७ टक्क्यांच्या आसपास उतरलेली असते.