ब्रिजिडचा क्रॉस: ओला लव्हाळा आणि घट्ट मधला भाग

आयरिश पंचांगात वसंत १ फेब्रुवारीला सुरू होतो, मग बाहेर बोचरा पाऊस का पडत असेना. हा आयरिश संत ब्रिजिड हिचा दिवस. २०२३ पासून आयर्लंडमध्ये या सणाची सार्वजनिक सुट्टीही मिळते. ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते, पण १ तारखेला शुक्रवार आला तर त्याच दिवशी (२०३० मध्ये तसं होईल). सुट्टी नवी असली तरी आदल्या संध्याकाळी लव्हाळ्याचा क्रॉस विणण्याची रीत फार जुनी. आज तो शाळेच्या वर्गातही विणला जातो. मुलांचे क्रॉस घरी पोचेपर्यंत सुटतात, त्याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण लव्हाळाच. हवा तो मऊ जातीचा: गोल, गुळगुळीत, गडद हिरवा, आत सलग पांढरा गर असलेला. साल सोलून हाच गर चरबीत बुडवायचा आणि दिवा म्हणून जाळायचा, हा गरिबाघरचा उजेड होता. निळसर-करड्या, उभ्या रेघा असलेल्या ताठ जातीत गर तुटक असतो. ती घेऊ नका, दुमडताना त्रास देते. पाणथळ कुरणात मऊ लव्हाळा माजतो, शेतकऱ्याला तो नकोच असतो. तरीही विचारून घ्यावा. परंपरेनं तो कापत नाहीत, हातानं उपटतात. बुडाशी धरून सरळ वर ओढला की अखंड येतो. नंतर बुडाचा पांढरट भाग आणि बाजूला आलेला तपकिरी फुलोरा काढून टाकायचा.

एका क्रॉसला २८ ते ३० काड्या पुरतात, प्रत्येकी ३० ते ४० सेंटिमीटरच्या. जाडी साधारण सारखी हवी. एकच जाडजूड काडी मधल्या चौकोनाला तिरका करते. उपटल्यावर दोन-तीन दिवसांत विणायचं. तेवढं जमणार नसेल तर जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून थंड जागी ठेवा. वाळलेली काडी दुमडताच चिरते, आणि चिर मध्यात आली की पुढचं सगळं ढिलं पडतं.

आता विणणं. एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्याभोवती अडकवा, तिची दोन्ही टोकं उजवीकडे. दुमडण्याआधी ती जागा दोन बोटांत चेपली की घडी स्वच्छ बसते. आता सगळं घड्याळाच्या उलट दिशेनं पाव वळसा फिरवा. दुसरीची टोकं वर येतील. तिसरी दुमडून त्या वरच्या टोकांभोवती अडकवा, तिची टोकं पुन्हा उजवीकडे, आणि मध्याकडे सरकवून घट्ट बसवा. परत पाव वळसा, परत नवी काडी. क्रम एवढाच: फिरवा, वरच्या भुजेवर चढवा, उजवीकडे ओढा. सगळा वेळ मध्य डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दाबलेला हवा.

इथेच बहुतेकांचं चुकतं. नवी काडी वर आलेल्या भुजेतल्या सगळ्या काड्यांना कवेत घेते, एकट्या शेवटचीला नव्हे. एखादी बाहेर राहिली तर तेव्हा कळत नाही. दोन-तीन फेऱ्यांनी ती मागून लोंबताना दिसते. दुसरी चूक म्हणजे मधेच उलटं फिरवणं. एका भुजेवर दोन काड्या लागोपाठ बसतात आणि समोरची बारीक राहते. असं झालं की त्या काडीपर्यंत उसवा, वरून झाकायला जाऊ नका. डावखुऱ्यांनी आरशातल्यासारखं करावं, टोकं डावीकडे आणि वळसा घड्याळाच्या दिशेनं.

प्रत्येक भुजेत सात काड्या झाल्या की शेवटचीची टोकं शेजारच्या भुजेच्या फासातून आत घेऊन ओढा. चारही भुजा टोकापासून दोन-तीन बोटं अलीकडे बांधा, मगच टोकं कातरा. आधी कातरलं तर बांधताना लांबी सरकते. आणि गाठ लगेच पक्की करू नका: लव्हाळा वाळताना आक्रसतो. आधी रबर लावा, आठवडाभर हवेशीर वाळू द्या, मग दोरा आवळा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला हिरवा क्रॉस बुरशी धरतो.

ब्रिजिडचा क्रॉस म्हटलं की हाच चार भुजांचा आकार समोर येतो, त्यात टीव्हीचाही हात आहे. १९६१ च्या अखेरीस आयरिश दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा तिचं बोधचिन्ह हेच होतं. प्रत्यक्षात प्रकार पुष्कळ. उत्तरेकडे तीन भुजांचाही विणतात, तो गोठ्यासाठी. वळसा एक तृतीयांश द्यायचा, बाकी रीत तीच. कुठे काटक्यांच्या सांगाड्यावर गवताचे चौकोन गुंफतात. मेयो परगण्यात कॅसलबार गावाजवळ टर्लो पार्कला ग्रामीण जीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे हे प्रकार पाहायला मिळतात. दुकानातल्या वार्निश मारलेल्या क्रॉसपेक्षा ते बघावेत.

जुन्या रिवाजात लव्हाळा घरात आणण्याचाही विधी होता. कुणीतरी जुडी घेऊन दाराबाहेर उभं राहायचं, गुडघे टेका आणि ब्रिजिडला आत घ्या म्हणायचं. आतले स्वागत करायचे. मग जुडी टेबलाखाली आणि वर जेवण, लोणी घातलेले कुस्करलेले बटाटे. विणणं जेवणानंतर. त्याच रात्री कापडाचा तुकडा खिडकीबाहेर किंवा झुडपावर ठेवायचा आणि सकाळी आत घ्यायचा. डोकेदुखीला आणि अडलेल्या गाईला त्याचा उपयोग होतो, अशी श्रद्धा.

क्रॉस दाराच्या वर किंवा छपराच्या आतून लावतात, आगीपासून घर राखावं म्हणून. गवती छपराच्या घरांत जुना काढायचे नाहीत, शेजारी नवा खोचायचे. काही घरी जुना जाळतात. फ्लॅटमध्ये लावणार असाल तर चुलीवर आणि स्नानगृहाच्या दारावर नको, वाफेनं तो काळा पडतो.