बेसिनवरच्या दोन डब्या

आमच्या बेसिनवरच्या फळीवर दोन डब्या शेजारी शेजारी असतात. निळी अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. तिच्यात त्यांची कवळी. पांढरी माझी, तिच्यात माझे अलायनर, म्हणजे दात सरळ करायचे प्लास्टिकचे पारदर्शक ट्रे, वरचा आणि खालचा. त्यांचं वय 79, माझं 45. पांढरी डबी पहिल्यांदा फळीवर दिसली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुला इतक्यात कशाला?"

त्याला आता सात महिने झाले. 26 जोड्यांपैकी 23वी चालू आहे, दर दहा दिवसांनी एक.

माझे खालचे पुढचे दात लहानपणापासून एकमेकांच्या अंगावर चढलेले. दिसण्याचं मला कधी फार वाटलं नाही, पण त्या सांध्यांत ब्रश पोचत नाही, कीटण साचतं, हिरड्यांतून रक्त येतं. शेवटी ऑर्थोवाल्या, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, ही गर्दीच मोडून टाकू. लेकीला दहावीत तारा लावल्या होत्या, तेव्हा तिचे हाल पाहिले होते, म्हणून मी हे प्लास्टिकचे ट्रे निवडले. पैसे तारांच्या दुपटीहून जास्त गेले. नेमका आकडा ह्यांना माहीत आहे, अप्पांना नाही.

दिवसाचे 22 तास ट्रे तोंडात हवेत. उरले दोन. नाश्त्याला वीस मिनिटं, दोन्ही जेवणांना अर्धा अर्धा तास, दोन चहा दहा दहा मिनिटांचे, की झाली शंभर मिनिटं. राहिलेली वीस ब्रश करण्यात जातात, कारण काहीही खाल्लं की दात घासल्याशिवाय ट्रे परत चढवायचे नाहीत. ट्रेखाली अडकलेल्या गोडाला लाळ धुऊन काढू शकत नाही, मग दात सरळ होतील आणि किडतीलही. चहा ट्रेसकट प्यायचा नाही. रंग बसतो आणि गरम असतो ते वेगळंच. पूर्वी माझे दिवसाला पाच-सहा अर्धे कप व्हायचे. ते चार कप मला अजून आठवतात, कुणी गेलेलं माणूस आठवावं तसे.

पण खरी पंचाईत चहाची नव्हती. कर्वेनगरात गेली 12 वर्षं मी घरून सणावाराच्या ऑर्डरी घेते. पुरणपोळ्या, मोदक, साटोऱ्या, कटाची आमटी. अशा कामात बाई दिवसभरात किती वेळा चव घेते हे मी कधी मोजलंच नव्हतं. चमचा पातेल्यात, दोन थेंब तळहातावर, जीभ लावायची, मीठ. हे खाणं नव्हेच मुळी, पण तोंडात ट्रे असताना तेही चालत नाही. पहिल्या आठवड्यात एकदा सवयीनं आमटी तशीच चाखली. संध्याकाळी आरशात बघते तर वरचा ट्रे हळदीनं पिवळाधमक, आणि अजून सहा दिवस तोच घालायचा होता. त्या सहा दिवसांत मी फोनवर हसले, समोर कुणापुढे हसले नाही. ट्रे बदलता तरी येतो. दातांवर पकड मिळावी म्हणून दातांच्याच रंगाचे जे बारीक उंचवटे चिकटवतात, त्या अटॅचमेंटही हळद धरतात, आणि त्या शेवटपर्यंत राहतात.

मग मी वजनकाटा आणला. आजवर सगळं अंदाजपंचे दाहोदरसे होतं. आता एक किलो डाळीच्या कटाला मीठ किती, गूळ किती, चिंच किती, हे ग्रॅममध्ये वहीत लिहिलेलं आहे. शेवटची एकच चव मदतीला येणाऱ्या ताई बघतात. त्या म्हणतात, "वैनी, तुमच्या हातापेक्षा काटा बरा." मला हे पूर्ण मान्य नाही.

फोनवर पहिले तीन दिवस 'स' नीट निघत नव्हता. साटोऱ्या हव्यात की शंकरपाळे, हे एका गिऱ्हाइकाला तीनदा विचारावं लागलं. नंतर जीभ आपोआप रुळली.

आता गौरींच्या दिवशीचा प्रकार सांगते. आमच्या धंद्यात स्वच्छ म्हणजे उकळलेलं. पहाटे चारला उठले होते, सातव्या जोडीचा आठवा दिवस होता, ट्रेला वास येत होता. दोन्ही ट्रे चहाच्या गाळण्यात ठेवले आणि किटलीतलं पाणी वरून ओतलं. वरचा ट्रे डोळ्यांदेखत आकसला, तव्यावर पापडाच्या कडा वळतात तसा. हात भाजत असताना मी तो दाबून सरळ करायला निघाले होते, हे आणखी एक शहाणपण. हे ट्रे बनतातच मुळी प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून दातांच्या साच्यावर बसवून. गरम पाण्यात ते परत मऊ पडणार, हे रोज मोदकांचे साचे हाताळणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "आठवी लावून बघा. नाहीच बसली तर सहावी लावा आणि मला दाखवा. पण तोंड रिकामं ठेवू नका." म्हणून सांगते, मागची जोडी कधी फेकू नका. माझी आठवी बसली, पण तीन दिवस ठणकली.

तोंड रिकामं का नाही, तेही त्यांनी नंतर दवाखान्यात समजावलं. दात हाडात सिमेंटनं बसवल्यासारखा नसतो, मध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. ट्रे ज्या बाजूला ढकलतो त्या बाजूचं हाड विरघळतं, मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवं हाड भरतं. एका ट्रेनं दात फार तर पाव मिलिमीटर सरकतो. मागचं हाड कच्चं असतं, तेवढ्यात ट्रे काढून ठेवला की दात उलटा माघारी. म्हणजे 26वी जोडी संपली तरी रात्रीचा रिटेनर, दात जागेवर धरून ठेवणारा, आहेच. 1997 साली अमेरिकेत अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी ज्या दोघांनी काढली, त्यांच्यातल्या एकाला तारा काढल्यावर रिटेनर घालता-काढताना या अलायनरची कल्पना सुचली म्हणतात. मला पटतं. असलं काही सुचायला माणसानं आधी कंटाळा करून दात हलवून घेतलेले असावे लागतात.

त्या दिवशी डॉक्टरांकडे अप्पाही आले होते, कवळी सैल होते म्हणून. त्यांना सांगितलं, दात गेले की जबड्याच्या हाडाला काम राहत नाही, मग ते झिजत जातं आणि कवळी ढिली पडते. परत येताना रिक्षात अप्पा म्हणाले, "तुझं हाड चालतंय, माझं निवृत्त झालंय."

बाकी देखभाल मी अप्पांकडूनच शिकले. गार पाणी. मऊ ब्रश, आणि तो वेगळा. टूथपेस्ट नाही, पेस्टनं बारीक चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते, त्यापेक्षा बिनवासाचा, बिनरंगाचा पातळ साबण बरा. धुताना बेसिनच्या भोकावर नॅपकिन टाकायचा. आणि डबीशिवाय कुठेही ठेवायचं नाही, रुमालात नाही, खिशात नाही, टिश्यूत तर मुळीच नाही. यामागे मिरजेचं एक लग्न आहे. अप्पांनी पंगतीत बसताना कवळी काढून केळीच्या पानाच्या कडेखाली सरकवली (का काढली हे ते आजही सांगत नाहीत), आणि उठून हात धुऊन येईपर्यंत वाढप्यांनी पानं उचलली. नवरदेवाच्या काकानं उष्ट्या पानांचा ढीग उपसायला माणसं लावली होती. मिळाली.

मी स्वतः शोधलेल्या गोष्टी दोनच. नवी जोडी रात्री झोपताना चढवायची, म्हणजे पहिला ठणका झोपेत जातो. आणि काढताना आतल्या बाजूनं, मागच्या दाढेपासून सुरुवात करायची. पुढून ओढलं की नख तुटतं. चढवताना बोटांनी दाबायचं, दातांनी चावून बसवायचं नाही. मग ट्रे घट्ट बसावा म्हणून च्युई, म्हणजे रबराची छोटी नळी, पाच-दहा मिनिटं चावायची. ती मी पुरण ढवळताना चावते. ताईंना वाटतं मी तंबाखू सुरू केली.

संक्रांतीला तीळ अटॅचमेंटच्या कडेला अडकले त्याबद्दल लिहिणार नाही.

शनिवारी रात्री कवळीच्या गोळ्यांचा कार्यक्रम असतो. पाकीट अप्पांचं. दोन ग्लास, कोमट पाणी, एकेक गोळी, फेस. त्यांची कवळी रात्रभर राहते, माझे ट्रे पंधरा मिनिटं, मग स्वच्छ धुऊन तोंडात. होळीच्या ऑर्डरी आताच सुरू झाल्या आहेत, परवा त्या गडबडीत माझा ग्लास मी त्यांच्या जागेवर ठेवला. ट्रे फेसात दिसतच नाही. अप्पांनी ग्लास उचलून ट्यूबलाइटसमोर धरला, चष्मा कपाळावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे आपलं नाही," म्हणाले. "हे फार सरळ आहे."